पोहण्याच्या तलावाचे डाग : आधी ओळखा, मग घासा

पोहण्याच्या तलावाचा आणि आपला संबंध काय, असा प्रश्न हे शीर्षक वाचून काही भगिनींना पडेल. आपल्या वस्तीत नळाला पाणी यायचीच मारामार. तिथे पोहण्याचा तलाव कुठून आला? प्रश्न बरोबर आहे. पण त्या तलावात पोहणारा आणि तो तलाव घासणारा हे दोघे वेगळे असतात. लोणावळा, कर्जत, अलिबागकडची फार्महाऊस, शहरातले क्लब, हॉटेले आणि नव्या टॉवरच्या सोसायट्या यांत तलावाची निगा राखायला ठेकेदारामार्फत जी मुले लागतात, त्यांत आपल्या घरची मुले बरीच आहेत. कुणाचा भाऊ, कुणाचा भाचा, कुणाचा जावई. तलावातला डाग दिसतो साहेबाला आणि तो घासतो आमचा पोरगा. म्हणून हा विषय आम्ही कुटुंबाच्या पानावर घेत आहोत.

दर रविवारी संध्याकाळी आम्ही काही कार्यकर्ते वस्तीच्या सभागृहात बसतो. कुणाचा फंडाचा अर्ज, कुणाचा दाखला, कुणाची पगाराची तक्रार, असे काम चालते. गेल्या दोन-तीन वर्षांत तिथे तलावावर काम करणारी मुले येऊ लागली आहेत. कुणाच्या हाताची साल निघालेली, कुणाला रात्रभर खोकला. विचारले की एकच उत्तर : "साहेब म्हणाले डाग गेलाच पाहिजे, मग ॲसिड मारले." आम्ही पेशाने कारकून, रसायनशास्त्रज्ञ नव्हे. पण या मुलांसाठी आम्ही जाणत्यांना विचारले, वाचले, हिशेब मांडला, आणि एक गोष्ट पक्की कळली. तलावाच्या दहा डागांपैकी बहुतेकांना ॲसिडची गरजच नसते. गरज असते ती डाग कशाचा आहे हे ओळखण्याची.

गिलावा म्हणजे काय?

आपल्याकडे पुष्कळ तलावांना आतून टाइल्स असतात. पण बरेच तलाव, विशेषतः जुने आणि बंगल्यांचे, नुसत्या गिलाव्याचे असतात. अमेरिकेत तर गिलाव्याच्या तलावाची जुनी चाल आहे. पांढरे सिमेंट आणि संगमरवराची भुकटी पाण्यात कालवून तलावाच्या काँक्रीटवर सुमारे १० ते १२ मिलिमीटर जाडीचा थर देतात. आपल्या करंगळीच्या रुंदीएवढाच म्हणा ना. हाच थर तलावाला गुळगुळीतपणा देतो. नीट राखला तर तो दहा-पंधरा वर्षे टिकतो.

हा थर चुन्याच्या जातीचा आहे, हे मुख्य ध्यानात ठेवायचे. चुन्याच्या जातीच्या वस्तूवर आम्ल पडले की काय होते, ते घरी पाहता येते. अंड्याचे टरफल वाटीत ठेवून त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येऊ लागतात. टरफल विरघळू लागलेले असते. शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडून राहिला तर तिथली झिलई जाते, तेही याच कारणाने. तलावाच्या गिलाव्यावर ॲसिड ओतल्यावर जो फेस येतो, तो डागाचा फेस नव्हे. तो गिलावाच विरघळतो आहे. ज्या थरावर डाग बसला, तो थरच निघून जातो आणि आपल्याला वाटते डाग गेला. कपड्यावरचा डाग काढण्यासाठी कपड्याचा पदरच कातरून टाकावा, तसा हा प्रकार आहे.

प्रत्येक ॲसिड धुलाईने गिलावा पातळ आणि खरखरीत होतो. खरखरीत पृष्ठभागावर मळ आणि शेवाळ लवकर धरते. म्हणजे पुढचा डाग आणखी लवकर पडतो, पुन्हा ॲसिड येते, आणि शेवटी खालचे काँक्रीट उघडे पडून पोहणाऱ्या मुलांचे तळपाय सोलतात. मालकाच्या खिशालाही हे परवडणारे नाही. हे त्याला कळेल अशा शब्दांत सांगता आले पाहिजे.

डागाची जात कशी ओळखावी?

डाग पाहताना तीन गोष्टी पाहाव्यात : रंग, जागा आणि स्पर्श.

तपकिरी किंवा हिरवट डाग तळाशी, कोपऱ्यात किंवा झाडाखालच्या बाजूला असेल, तर तो बहुधा पालापाचोळ्याचा किंवा शेवाळाचा. बदामाच्या झाडाची पाने, सागाची पाने, जांभळे ही पाण्यात पडून राहिली की त्यांचा रंग उतरतो. कोवळे सागाचे पान हातावर चोळले तर हात लाल होतो, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. तोच रंग गिलावा पितो.

गंजासारखा तांबूस-पिवळा डाग पाणी आत येते त्या तोंडाशी किंवा सगळीकडे पसरट असेल, तर तो लोखंडाचा. बोअरच्या पाण्यात लोह असले की हा डाग हमखास पडतो. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या मुलखात मातीतच लोह भरपूर आहे. तलावात पडलेली केसाची पिन, खिळा, झाडांना टाकलेल्या खताचे दाणे यांनीही असा डाग पडतो. पण तो लहान आणि एका जागी असतो. एखादा गंजाचा ठिपका पुन्हा पुन्हा त्याच जागी उमटत असेल, तर गिलाव्याखालची सळई वर आली आहे असे समजावे. तो ठिपका कितीही घासा, जाणार नाही. तिथे गवंड्याने फोडून, सळई छाटून, नवा गिलावा भरावा लागतो.

निळसर-हिरवा डाग तांब्याचा. शेवाळ मारण्यासाठी मोरचूद टाकतात. मोरचूद म्हणजे तांब्याचेच मीठ. ते जास्त झाले किंवा पाणी आंबट असल्याने तांब्याच्या नळ्या झिजल्या, की हा डाग येतो. काळपट-जांभळा डाग मँगनीज धातूचा असू शकतो. तोही बोअरच्या पाण्यातून येतो.

काळे, टाचणीच्या डोक्याएवढे किंवा थोडे मोठे ठिपके, हाताला किंचित उंच लागणारे, म्हणजे काळे शेवाळ. ते गिलाव्याच्या छिद्रांत शिरून बसते. आणि पाण्याच्या रेषेवर पांढरा-राखाडी, हाताला खरखरीत लागणारा थर म्हणजे क्षार. पातेल्याच्या बुडाशी पाणी उकळून जसा थर बसतो, तोच हा.

दोन साध्या परीक्षा

नजरेने खात्री पटली नाही तर दोन परीक्षा कराव्यात. खर्च फारसा नाही.

पहिली परीक्षा क जीवनसत्त्वाची. औषधाच्या दुकानात चघळायच्या गोळ्या मिळतात. दोन-तीन गोळ्या कुटून कापडाच्या पुरचुंडीत बांधाव्या आणि पाण्याखाली डागावर अर्धा-एक मिनिट दाबून धराव्या, थोडे चोळावे. डाग फिका पडला तर तो धातूचा, बहुधा लोखंडाचा.

दुसरी परीक्षा क्लोरीनची. तलावात टाकायची क्लोरीनची गोळी, हातात रबरी मोजे घालून, डागावर मिनिटभर धरावी. डाग फिका पडला तर तो पानांचा किंवा शेवाळाचा.

या दोन परीक्षा वेगवेगळ्या जागी कराव्यात. पहिली गोळी आणि दुसरी गोळी एका भांड्यात, एका पिशवीत, एका हातात कधीही आणू नये. दोन्हींनी काही फरक पडला नाही आणि डाग खरखरीत असेल, तर तो क्षाराचा.

कोणत्या डागाला कोणता उपाय?

हिशेबासाठी एक तलाव धरू. लांबी १० मीटर, रुंदी ५ मीटर, सरासरी खोली दीड मीटर. गुणाकार केला की ७५ घनमीटर, म्हणजे ७५,००० लिटर पाणी. आपल्या तलावाचा हिशेब प्रत्येकाने असाच मांडून वहीत लिहून ठेवावा. डोळ्यांच्या अंदाजाने औषध टाकणे ही सर्वांत महागडी सवय आहे.

पानांचा आणि शेवाळाचा डाग : पाणी न काढता क्लोरीन वाढवावे. पाण्यात क्लोरीनचे प्रमाण लिटरला १० मिलिग्रॅम करायचे, तर आपल्या तलावाला ७५० ग्रॅम क्लोरीन लागेल. ब्लीचिंग पावडर ताजी असेल तर तिच्यात साधारण ३० टक्के क्लोरीन धरतात. म्हणजे अडीच किलो पावडर झाली. प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्यावे, मग थोडी थोडी पावडर टाकून ढवळावी. चुना खाली बसू द्यावा आणि वरचे नितळ पाणी तलावात सोडावे. गाळ ओतला तर नवा पांढरा थर बसतो. हे काम संध्याकाळी करावे, कारण उन्हात क्लोरीन उडून जाते. सकाळी नायलॉनच्या ब्रशने घासावे. दोन-तीन दिवसांत बहुतेक डाग उतरतात. क्लोरीन खाली येऊन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम होईपर्यंत कुणालाही पाण्यात उतरू देऊ नये.

काळे शेवाळ : हे हट्टी. आधी स्टेनलेस स्टीलच्या ब्रशने ठिपक्याचे वरचे टोपण फोडावे लागते, म्हणजे क्लोरीन आत पोचते. साधा लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये. त्याच्या तुटलेल्या तारा गिलाव्यात अडकतात आणि एका डागाचे दहा गंजके डाग होतात. भांडी घासायचा तारेचा गोळाही नको. घासल्यावर क्लोरीन वाढवून ठेवावे आणि आठवडाभर रोज घासावे. एका दिवसात जाईल असे कुणाला वचन देऊ नये.

लोखंडाचा डाग : इथे क्लोरीन मुळीच वाढवू नये. क्लोरीनने लोखंडाचा डाग आणखी पक्का होतो. उलट क्लोरीन जवळजवळ शून्यावर येऊ द्यावे, पाण्याचा पीएच ७.२ च्या आसपास ठेवावा, आणि क जीवनसत्त्वाची पावडर, म्हणजे ॲस्कॉर्बिक ॲसिड, डागांच्या वर पाण्यात शिंपडावी. आपल्या ७५,००० लिटरच्या तलावाला पाऊण ते एक किलो पावडर पुरते. नावात ॲसिड असले तरी हे आवळ्यातलेच सत्त्व आहे. गिलावा खाणारे ते ॲसिड वेगळे. हे लोखंडाला पाण्यात विरघळणारे रूप देते आणि डाग काही तासांत सुटतो. पण लोखंड पाण्यातच राहिलेले असते. म्हणून लगेच सिक्वेस्ट्रंट नावाचे, धातूला धरून ठेवणारे औषध डब्यावरच्या मापाने टाकावे, फिल्टर चालू ठेवावा, उलट्या पाण्याने धुवावा, आणि क्लोरीन चार-सहा दिवसांत हळूहळू वाढवावे. घाई केली तर तोच डाग पुन्हा भिंतीवर येतो.

तांब्याचा डाग : त्याला लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, जास्त लागू पडते. आधी एका कोपऱ्यात थोड्या जागेवर करून पाहावे. मोरचूद टाकणे बंद करावे.

क्षाराचा थर : टाच घासायचा भोकाभोकांचा दगड, ज्याला प्युमिस म्हणतात, तो ओला करून हलक्या हाताने घासावा. नाहीतर पाण्यातला काळा पॉलिश पेपर. जोर लावला तर गिलाव्यावर ओरखडे पडतात.

एक खरी हकीकत

कर्जतच्या बाजूला एका फार्महाऊसवर आपला एक तरुण काम करतो. त्या तलावाच्या भिंतीवर, पाणी येते त्या तोंडाखाली, तांबूस पट्टा पडला होता. तेथील व्यवस्थापकाने दोन वर्षांत दोनदा तलाव रिकामा करून ॲसिडने धुवून घेतला. दोन्ही वेळा पट्टा परत आला, आणि दुसऱ्या खेपेला या तरुणाला तीन दिवस अंथरुणावर राहावे लागले. त्या तीन दिवसांचा पगार कापला गेला, तो भाग वेगळाच.

तिसऱ्या खेपेला आम्ही त्याला गोळीची परीक्षा सांगितली. रुपयाच्या नाण्याएवढी जागा पांढरी झाली. डाग लोखंडाचा होता आणि लोखंड बोअरच्या पाण्यातून येत होते. म्हणजे ॲसिडने भिंत खरवडून पुन्हा त्याच बोअरचे पाणी भरले जात होते! पावडर आणली, पाणी न काढता काम झाले. आता तिथे नवे पाणी भरताना आधी धातू धरणारे औषध टाकतात. ठेकेदाराच्या हजेरीपटावर त्या तरुणापुढे आजही 'स्वीपर' लिहिलेले आहे. ते बदलून तलावचालक असे लिहावे असा अर्ज आम्ही त्याला करून दिला आहे. उत्तर यायचे आहे.

पाण्याचाही हिशेब यात आहे. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हे सरकारी प्रमाण मानले जाते. त्या प्रमाणाने ७५,००० लिटर पाणी पाच माणसांच्या एका कुटुंबाला १११ दिवस पुरेल. एका डागासाठी तेवढे पाणी नाल्यात सोडण्याआधी दोन गोळ्यांची परीक्षा करायला काय हरकत आहे? शिवाय पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही दिवस जमिनीखालचे पाणी वर आलेले असते. अशा वेळी तलाव रिकामा केला तर खालच्या पाण्याच्या दाबाने तळ फुटू शकतो, उचलला जाऊ शकतो. हे व्यवस्थापकाच्या कानावर आधीच घातलेले बरे.

ॲसिड लागलेच तर

सगळे उपाय करून डाग राहिला, गिलाव्याला अजून जाडी आहे आणि मालकाने ठरवलेच, तर ॲसिड धुलाई करावी लागते. तेव्हा पुढील नियमांत तडजोड नाही.

एक, एकट्याने तलावात उतरायचे नाही. एक जण खाली, एक जण वर, आणि वरच्याच्या हातात चालू पाण्याची नळी. ॲसिडची वाफ हवेपेक्षा जड असते. रिकामा तलाव म्हणजे एक मोठी परातच. वाफ तळाशी साचून राहते. म्हणून तळाशी हवा खेळवणारा पंखा हवा.

दोन, कोपरापर्यंत रबरी मोजे, गमबूट, डोळ्यांना चहूकडून बंद चष्मा आणि आम्लाची वाफ अडवणारी डबी लावलेला मुखवटा. नाकाला बांधलेला रुमाल, ओला टॉवेल किंवा कागदी मास्क वायू अडवत नाही. त्यावर भरवसा ठेवणे म्हणजे चाळणीत पाणी धरणे.

तीन, पाण्यात ॲसिड ओतायचे. ॲसिडमध्ये पाणी ओतायचे नाही. उलटे केले तर उकळी फुटून ते अंगावर उडते. बादली प्लास्टिकचीच. मापाने निम्मे पाणी, निम्मे ॲसिड यापेक्षा कडक कधीही नको.

चार, भिंत आधी ओली करायची. थोडा थोडा भाग घ्यायचा, अर्ध्या मिनिटात ब्रश फिरवून लगेच भरपूर पाण्याने धुवायचे. ॲसिड भिंतीवर सोडून बिडी ओढायला जायचे नाही.

पाच, तळाशी साचलेल्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकून आंबटपणा मारायचा. वापरलेल्या दर लिटर ॲसिडमागे पाव ते अर्धा किलो सोडा लागतो. लिटमस कागदाने तपासल्याशिवाय ते पाणी गटारात सोडायचे नाही. पुढे त्या गटारात हात घालणाराही आपलाच कुणीतरी असतो.

सहा, आणि हा सर्वांत मोठा नियम : ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर यांची गाठ पडू द्यायची नाही. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी पहिल्या महायुद्धात बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच वायू. तो बादलीतही तसाच तयार होतो. वेगवेगळ्या जातीच्या क्लोरीन पावडरी आणि गोळ्याही एका डब्यात मिसळू नयेत. त्यांनी पेट घेतल्याचे प्रकार घडतात.

दुखापत झाली तर

अंगावर ॲसिड पडले तर ताबडतोब वाहत्या पाण्याखाली निदान १५ ते २० मिनिटे धुवावे. भिजलेले कपडे काढून टाकावेत. वर चुना, हळद, टूथपेस्ट काहीही लावू नये. डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ पाणी घालावे आणि तडक दवाखाना गाठावा. पोटात गेले तर उलटी करवू नये. वायू छातीत गेला असेल तर मोकळ्या हवेत आणावे. खोकला थांबला म्हणून घरी जाऊन झोपू नये. फुप्फुसात पाणी भरण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो. रात्रभर डॉक्टरांच्या नजरेखाली राहिलेले बरे. आणि सोबती खाली कोसळला तर आवेशाने मागोमाग उडी घेऊ नये. आधी आरडाओरडा करून माणसे जमवावी, वरून हवा आणि पाणी सोडावे. गटाराच्या टाकीत एकामागोमाग एक उतरून तिघे-चौघे गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

घरातल्या भगिनींसाठी

हे सगळे तलावापुरतेच नाही. संडास धुण्याच्या बाटलीत बहुधा हेच आम्ल सौम्य करून घातलेले असते. डाग जात नाही म्हणून त्यावर ब्लीचिंग पावडर टाकली की बंद मोरीत तोच वायू सुटतो. पुष्कळ भगिनी दुसऱ्यांच्या घरी धुण्याभांड्याला जातात, त्यांनी तर हे कटाक्षाने पाळावे. एका वेळी एकच औषध; ते पूर्ण धुतल्यावर दुसरे. सिमेंटच्या हौदातला डाग आधी ब्रश आणि धुण्याच्या सोड्याने काढून पाहावा. पिण्याच्या पाण्याच्या टाकीत ॲसिड कधीही नको. आणि ॲसिड थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नये; तहानलेल्या लेकराला त्यातला फरक कळत नाही. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधने घातली. घेणाऱ्याचे ओळखपत्र पाहून नोंदवहीत नोंद केल्याशिवाय ते विकायचे नाही आणि १८ वर्षांखालील मुलाला मुळीच द्यायचे नाही. तेव्हा दुकानात पोराला पाठवू नका.

तोंडी नको, लेखी मागा

आमची कारकुनी इथे उपयोगी पडावी म्हणून एका अर्जाचा नमुना देतो :

"मा. व्यवस्थापक यांस, आपण तलाव ॲसिडने धुण्यास सांगितले आहे. काम करण्यास माझी तयारी आहे. त्यासाठी रबरी मोजे, गमबूट, बंद चष्मा, आम्लवाफेचा मुखवटा, धुण्याचा सोडा, हवेसाठी पंखा आणि सोबत एक कामगार आधी मिळावा, ही विनंती. तसेच डाग लोखंडाचा असल्याचे परीक्षेत दिसले असून तो ॲसिडशिवाय निघू शकतो, हेही नम्रपणे कळवतो. आपला विश्वासू."

दोन प्रती कराव्यात. एकीवर पोच घ्यावी. पोच देत नसतील तर मोबाईलवर फोटो काढून पाठवावा. पाठवल्याची तारीख राहते. कामावर इजा झाली तर भरपाई मागण्याचा कामगाराचा हक्क आपल्या देशात १९२३ सालच्या कायद्यापासून मान्य झालेला आहे. पण हक्क मागताना कागद लागतो. ईएसआयचे कार्ड ठेकेदाराने काढले आहे का, हे इजा होण्याआधी विचारावे.

वही ठेवा

शेवटी तलावावर काम करणाऱ्या तरुणांना एक सांगणे. चाळीस पानांची एक वही घ्या. तलावाचे माप, पाण्याचा पीएच, क्लोरीन, कोणत्या तारखेला कोणता डाग दिसला, काय केले आणि काय झाले, हे रोज दोन ओळींत लिहा. गिलाव्याच्या तलावाचा पीएच साधारण ७.२ ते ७.८ मध्ये राहिला, पाने रोज निघाली आणि आठवड्यातून दोनदा ब्रश फिरला, तर बहुतेक डाग पडणारच नाहीत. सहा महिन्यांनी ती वही उघडलीत की त्या तलावाबद्दल तुमच्याइतके ठेकेदारालाही ठाऊक नसेल. पगारवाढ मागायला जाल तेव्हा तीच वही टेबलावर ठेवा.